केसरमामीला न बसलेला मार

गहिनीनाथमामा सोळा वर्षं दारू प्यायला, तोवर केसरमामी त्याला सोडून गेली नाही. मग त्यानं दारू सोडली, येशूला धरलं, दोन वर्षं थेंबाला शिवला नाही, आणि मग ती सोडून गेली.

याची आमच्या भागात बरीच चर्चा झाली. लिंबागणेशच्या बाजारात एका माणसानं मला बाजूला घेऊन विचारलं, बायको टिकवायची असेल तर साधारण किती घ्यावी. मी म्हणालो, मला कल्पना नाही, मी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो.

खरं कारण मला ठाऊक होतं, कारण त्या पापात माझा हात होता. दोन्ही हात होते.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. दहावी पास, मोत्यासारखं अक्षर, धंदा जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. विहिरीवरची मोटार जळाली की लोक त्याच्याकडं यायचे, तो बाजेवर पडलेला बघायचे आणि मोटार घेऊन परत जायचे. दारुड्यांचे जे नेहमीचे प्रकार असतात, मारझोड करणारे, शिव्या देणारे, रस्त्यात कपडे काढणारे, त्यांतल्या एकातही मामा बसत नव्हता. तो पिऊन यायचा, बाजेवर पडायचा आणि पडून राहायचा. घर मामी चालवायची. शेळ्या तिच्या, शिलाई मशीन तिचं, लेक ऋतुजाची शाळा तिची. मामाची फक्त बाज होती, आणि तीही मामीच विणून द्यायची.

मग एका शुक्रवारी दुपारी मामा बाजारतळावर पडला आणि उठेना. तिथं मैनुद्दीनचाचा सीताफळं विकत होता. नमाजला जायचं म्हणून पांढरे कपडे घालून तयार होता. त्यानं सगळी सीताफळं खाली ओतली, मामाला हातगाड्यावर आडवं टाकलं आणि चार किलोमीटर ढकलत दवाखान्यात नेलं. तिथून मामाला बीडला हलवलं.

बीडच्या वॉर्डात आमचे पाळकसाहेब, रामप्रसाद साहेब, नऊ नंबरच्या पेशंटसाठी प्रार्थना करायला आले. पण नऊ नंबरवाला पंखा चालतो म्हणून सहा नंबरवर जाऊन झोपला होता आणि नऊवर मामा होता. पाळकसाहेबांनी मामाच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मामाचं सगळं अंग थरथरत होतं. चहाचा कप तोंडापर्यंत जात नव्हता. पाळकसाहेबांनी कप धरला, घोट घोट चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, "प्रभू, याला आजचा दिवस दे."

"अन् उद्याचं?" मामानं विचारलं.

"उद्या मी परत येतो."

ते बावीस दिवस रोज एसटीनं आले. तिकडं सहा नंबरवाला प्रार्थनेशिवायच बरा होऊन घरी गेला, पण तो वेगळा विषय आहे.

मामा घरी आला तो बदलून. पहाटे उठून बाजेशेजारी गुडघे टेकायचा, आजचा दिवस मागायचा आणि मोटारी भरायला बसायचा. पहिल्या वर्षीच बंधाऱ्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी नवं नाव सुचवलं, गमलिएल. मामानं विचारलं, आधारकार्डाचं काय. दोघांनी जरा विचार केला आणि प्रभू गहिनीनाथालाही ओळखतो असं ठरलं. पाळकसाहेबांचं स्वतःचंच नाव रामप्रसाद असल्यानं त्यांना फार ताणता आलं नाही.

इथपर्यंत सगळं नीट होतं. पण आमच्या चर्चच्या मंडळीत रीत आहे, बाप्तिस्मा झाला की उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. देवानं तुम्हाला कुठून काढलं आणि कुठं आणलं, ते सगळ्यांना सांगायचं. मामा उभा राहिला आणि म्हणाला, "मी दारू प्यायचो. आता पीत नाही. प्रभूची स्तुती असो." आणि बसला. तेवढ्या वेळात मला कीबोर्डचं बटणसुद्धा सापडलं नाही. आमेन फक्त पाळकसाहेबांच्या बाईंनी म्हटलं, तेही दयेपोटी.

पुढच्या रविवारी बाहेरगावचा एक पाहुणा आला. तो म्हणे गच्चीवरून पडून मेला होता आणि परत आला होता. पन्नास मिनिटं बोलला. बायका रडल्या, पुरुष रडले, त्याच्या जेवणात दोन बोट्या जास्त पडल्या. मामा कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होता.

त्यानंतर मामाच्या साक्षीत साप आला. दारूच्या नशेत बांधावर पडलेला असताना साप चावला, आणि मामाच्या रक्तातल्या दारूनं तो सापच मेला. मग मैनुद्दीनचाचाचा शुभ्र वस्त्रातला अनोळखी पुरुष झाला. साक्ष वीस मिनिटांवर गेली आणि आष्टीच्या मंडळीनं बोलावणं धाडलं.

आष्टीत मामा म्हणाला, "मी माझ्या बायकोला लई त्रास दिला." आणि थांबला. हे खरं होतं. पण बायकांच्या बाजूनं एक लांब "अरेरे" आलं, आणि माझी बोटं आपोआप रडक्या सुरावर गेली. मामानं सूर ऐकला, "अरेरे" ऐकलं, आणि त्याचा हात हवेत वर गेला. "अन् मी हिच्या कानाखाली वाजवली," मामा म्हणाला.

मंडप रडला. मी वाजवत राहिलो.

पुढं दर गावाला एक मार वाढत गेला. काठी आली. मोटारीची तांब्याची तार आली. विहिरीपर्यंत केस धरून ओढत नेणं आलं. सातव्या गावात पट्टा आला. मामा जन्मभर पायजमा घालत आलाय, पट्टा कुठून आणला हे मी विचारलं नाही. अकराव्या गावापर्यंत केसरमामीला अकरा प्रकारे मार बसला होता, आणि ती बिचारी घरी शेळ्यांना पाला टाकत होती. यातलं तिला काही माहीत नव्हतं.

तिला पत्ता लागला तो लोकांच्या नजरेनं. बांगड्यावाली बांगड्या भरताना तिच्या दंडावर वळ शोधायला लागली. रेशनच्या रांगेत एका बाईनं तिला पुढं सोडलं आणि कानात म्हणाली, ताई, महिलांसाठी फोन नंबर असतोय, देऊ का. मामीला काही कळेना. शेवटी कुणीतरी मोबाइलवर टाकलेला अकराव्या गावचा व्हिडिओ तिनं माझ्याच फोनवर बघितला. दोन वेळा बघितला. दुसऱ्या वेळी तिनं मला विचारलं, "हे मागून टँव टँव कोण करतंय?"

"मी," मी म्हणालो.

मामा मोटार भरत बसला होता. मामी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आवो, तुमी मला पट्ट्यानं मारलं?"

"अगं, ते प्रभूच्या गौरवासाठी हाय."

"प्रभूला म्हाईत न्हाई का, तुमी पायजमा घालता?"

मामानं पायजम्याकडं बघितलं.

"सोळा वर्षं उलट्या पुसल्या. भाकरी झाकून ठेवली. ते कुठंच न्हाई. जे झालंच न्हाई ते साऱ्या जिल्ह्याला म्हाईत. अन् लोकांना काय वाटतंय सांगू का? मी मार खाल्ला अन् गप बसले. मी गप बसले असते का?"

"न्हाई," मामा म्हणाला. हे त्यानं लगेच कबूल केलं.

पण उशीर झाला होता. तिनं शेळ्या माझ्या आईच्या हवाली केल्या आणि अंबाजोगाईला ऋतुजाकडं निघून गेली. त्यांची ही एकुलती लेक तिथं दवाखान्यात नर्स आहे.

त्या संध्याकाळी मामा देशी दारूच्या दुकानासमोर रस्त्याच्या अलीकडं तासभर उभा होता. पाळकसाहेबांना कळलं तसे ते आले आणि शेजारी उभे राहिले. उपदेश केला नाही. खिशातून शेंगा काढल्या. दोघांनी उभ्या उभ्या शेंगा खाल्ल्या, टरफलं खिशात घातली आणि घरी आले.

येताना पाळकसाहेब म्हणाले, "गहिनीनाथ, खोट्या साक्षीवर देवाच्या दहा आज्ञांतली एक अख्खी आज्ञा खर्च झालीय."

"ती शेजाऱ्याविरुद्धच्या साक्षीची हाय," मामा म्हणाला. त्यानं शास्त्र बारकाईनं वाचलेलं. "मी तर माझ्याच विरुद्ध देतोय."

पाळकसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि मुद्दाम सायकलवर येऊन सांगून गेले, "बायको बी शेजारीच असती."

असे सहा महिने गेले. मामा रोज फोन लावायचा. मामी उचलायची, विचारायची, "शेळ्या खातेत का?" आणि ठेवून द्यायची.

मग अंबाजोगाईचंच बोलावणं आलं. तीन दिवसांची उज्जीवन सभा, म्हणजे लोकांचा विश्वास परत पेटवायची, शेवटच्या दिवशी भरदुपारी मामाची साक्ष. मामाला वाटलं हा प्रभूचाच इशारा. त्यानं मोत्यासारख्या अक्षरात सहा पानं लिहून काढली. मला म्हणाला, "ह्या वेळेला मी केसरची जाहीर माफी मागणार. अकराच्या अकरा माराची. एकेक करून. ती तिथं बसलेली असंल. तिचं मन द्रवंल."

मला यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण नेमकं काय ते मैनुद्दीनचाचानं सांगितलं.

चाचाकडं आता छोटा टेम्पो आहे. त्याला सीताफळं अंबाजोगाईला टाकायची होती, म्हणून आम्ही दोघं आणि माझा कीबोर्ड त्यातच निघालो. पाळकसाहेब एसटीनं पुढं गेले. मांजरसुंबा मागं पडलं तसा चाचा म्हणाला, "गहिन्या, लई ऐकलंय बे तुझ्या साक्षीबद्दल. म्हण की जरा. रस्ता सरंल."

मामानं म्हटली. चाचा स्टेअरिंगवर हात ठेवून मन लावून ऐकत होता. शुभ्र वस्त्रातला पुरुष आला तसा त्यानं टेम्पो हळू केला.

"हा कोण?"

"देवदूतासारखा हाय तो," मामा जरा दबकत म्हणाला.

"पंख हायत का त्याला?"

"पंखाचं नाव न्हाई काढलं मी."

"गाडा?"

"गाडा काढून टाकला. देवदूताला गाडा शोभत न्हाई."

केजच्या अलीकडं चाचा म्हणाला, "चार किलोमीटर ढकलला बे. उजवं चाक आवळ होतं. नमाज हुकली. सगळी सीताफळं लोकांनी नेली. तिथं गाडाच न्हाई म्हणतो." मग म्हणाला, "बरं, माझं जाऊ दे. पुढं काय?"

मामानं माफीची सहा पानं वाचली.

"म्हणजे जे मारलंच न्हाई त्याची माफी?"

"हां."

"अन् जे केलं त्याची?"

"ते लई बारीक हाय," मामा म्हणाला. "त्यात साक्ष होत न्हाई."

चाचानं गिअर बदलला. "गहिन्या, एक सांगतो, राग मानू नको. तू पियाचा तवा कधी खोटं बोलला न्हाई. विचारलं, किती घेतली, तर बोटं मोजून सांगायचा. खोटं तू शुद्धीत आल्यावर शिकला."

मामानं सहा पानांची घडी केली आणि खिडकीबाहेर बघत बसला. अंबाजोगाई येईस्तोवर त्यानं ती पानं परत उघडली नाहीत. फेकलीही नाहीत.

ऋतुजाच्या खोलीवर मामीनं आम्हाला चहा दिला. मामाला आधी दिला, पण बशी ठेवताना त्याच्याकडं बघितलं नाही. मामानं चहा न पिताच कप खाली ठेवला.

"केसर, बरी हायस?"

"बरी हाय. सभेला येणार हाय मी," मामी म्हणाली. "पुढच्या रांगेत बसणार. आवो, नीट ऐका. मला एक जरी चापट बसली, तर परत त्या घरात पाय ठेवणार न्हाई. मेले तरी न्हाई. अन् माफी बी नको. माफी मागितली म्हणजे मारलं असं होतंय."

सहा पानं मामाच्या खिशात होती. ती खिशावरून दिसतही होती.

ऋतुजा ड्युटीचे कपडे घालत होती. ती म्हणाली, "पप्पा, खरं बोललात तर कुणी टाळ्या वाजवणार न्हाई, एवढं ध्यानात ठेवा." तिचा स्वभाव आईवर गेलाय.

मंडपाच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स होता. त्यावर मामाचा आधारकार्डावरचा फोटो माणसाएवढा करून लावलेला, शेजारी डोळ्याखाली काळानिळा डाग पडलेली एक बाई, आणि वर लाल अक्षरात: "बायकोचा काळ ते प्रभूचा बाळ. बंधू गहिनीनाथ यांची हृदयद्रावक साक्ष." मामी त्या बाईसमोर उभी राहिली.

"ही कोण?"

सभेचे अध्यक्ष लगबगीनं पुढं आले. त्यांना मामी कोण ते माहीत नव्हतं. "इंटरनेटवरची हाय. प्रातिनिधिक."

"हिला खरंच लागलंय का?"

"मेकअप असंल, बाई."

"नशीबवान हाय," मामी म्हणाली आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसली. पुरुषांची बाजू आणि बायकांची बाजू यांमधून वाट होती, त्या वाटेला लागूनची खुर्ची तिनं धरली. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, म्हणजे कुणी बाई येऊन तिचा हात हातात घेऊ नये. ऋतुजा मागं उभी राहिली. तिला ड्युटीवर परत जायचं होतं.

गाणी झाली, प्रार्थना झाली, मामाला पुढं बोलावलं. त्यानं माईक हातात घेतला. दुसरा हात खिशावर होता.

"मला साप चावला," मामा म्हणाला. मी सवयीनं सूर लावला.

मामीनं नुसतं बघितलं.

"म्हणजे, चावला न्हाई," मामा म्हणाला. "दिसला. लांब होता. धामण असंल."

कुणीतरी हालेलुया म्हणालं. ते त्याच्या तोंडात आधीच येऊन बसलेलं, त्याला इलाज नव्हता.

"अन् शुभ्र वस्त्रातला पुरुष म्हणून मी सांगतो, तो मैनुद्दीन. तो तिकडं मागं खांबाला टेकून उभा हाय. गाडा होता. उजवं चाक आवळ होतं."

अख्खा मंडप मागं वळला. चाचानं निवडून आल्यासारखा हात वर केला.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. त्यांनी एका कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो मामापुढं धरला. मामाच्या एका हातात माईक, समोर कागद, त्यामुळं त्यानं तो माईकमध्येच वाचला. "मारहाणीवर या."

याच भागासाठी लोक आले होते. माझी बोटं रडक्या सुरावर तयार होती.

"मारहाण झाली न्हाई," मामा म्हणाला. "मी हिला कधी बोट लावलं न्हाई. मारायला उठावं लागतं. मी उठतच नव्हतो. उलट हिनं मला एकदा उलथनं हाणलंय."

"दोनदा," मामी बसल्या जागेवरून म्हणाली.

"दोनदा?"

"एकदा तुमी शुद्धीत नव्हता."

"दोनदा," मामानं मंडपाला दुरुस्ती सांगितली.

अध्यक्ष दुसरी चिठ्ठी लिहायला लागले. पाळकसाहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पेन काढून घेतला. अगदी मायेनं काढून घेतला.

"मी सोळा वर्षं पडून होतो," मामा म्हणाला. "सांगण्यासारखं त्यात काय न्हाई. पाऊस आला की ही बाज आत ओढायची, माझ्यासकट. एक गोष्ट तेवढी हाय. ती मी कुठं सांगितली न्हाई. हिला बी न्हाई."

त्यानं खिशावरचा हात काढला.

"मी दहावी पास हाय. माझं अक्षर इतकं चांगलं की गावात कुणाचा अर्ज असला तर माझ्याकडून लिहून घ्यायचे. ऋतुजाचा नर्सिंगचा फॉर्म आला. बापाची सही पाहिजे होती. शेवटचा दिवस होता. ह्या दोघी फॉर्म घेऊन बाजेपाशी आल्या. हिनं लई हाका मारल्या. मी उठलो न्हाई. मग हिनं शाई आणली, माझा अंगठा धरला अन् उठवला. उठवून झाल्यावर पदरानं माझा अंगठा पुसला. तिकडं कॉलेजात क्लार्कनं लेकीला विचारलं, वडील अडाणी हायत का. ती म्हणाली, हो. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, ते बी मी ऐकलं."

माईकमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मी झोपलो न्हवतो. जागा होतो. सही करता आली असती. पण माझा हात थरथरत होता, अन् लेक समोर उभी होती. म्हणून डोळे मिटून पडलो. हिनं अंगठा पुसला तवा बी जागा होतो. एवढंच हाय. प्रभूनं मला उठवलं, पण हे मी अजून झाकून ठेवलं होतं."

माझ्या हाताखाली सगळे सूर होते आणि यातला कुठला लावायचा ते मला कळेना. मी हात काढून मांडीवर ठेवले. मंडपात कुणी रडलं नाही. एक लहान पोर रडलं, पण ते भुकेनं. बऱ्याच लोकांना वाटलं अजून पुढं काहीतरी आहे. ऋतुजा मागं उभी होती, तिनं दोन्ही हातांनी नर्सची टोपी नीट केली. टोपी नीटच होती.

मग मामी म्हणाली, "म्हाईत होतं."

"काय?" मामा माईकमध्येच म्हणाला.

"जागे होता ते. झोपल्यावर तुमी घोरता. तवा घोरत नव्हता."

मामानं माईक खाली घेतला. "मग इतकी वर्षं बोलली कावून न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हणून," मामी म्हणाली.

पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं. एकट्यांनीच म्हटलं. माईक नसल्यानं ते पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं, पण मंडळीत तेवढं पुरतं.

मामा खाली उतरला. मामीनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती खुर्ची बायकांच्या बाजूला होती. मामा इकडंतिकडं बघून अंग चोरून त्या खुर्चीवर बसला, आणि कुणीच त्याला उठवलं नाही. पुढचा वक्ता बोलायला लागला. मी व्यासपीठावर होतो, त्यामुळं मला दोघं समोरच दिसत होती. मामीनं त्याचा उजवा हात उचलून बघितला. थोडा वेळ धरून ठेवला, आपण भाजी बघतो तसा. मग त्याच्या मांडीवर परत ठेवला.

जेवणाच्या पंगतीत मामी म्हणाली, "घरी येते मी. पण एक हाय. अकरा गावात मला मार बसलाय. त्या अकरा गावात जाऊन तो माघारी घ्यायचा. मी संगं येणार."

"परत बोलावतील का गं?" मामानं विचारलं.

"न बोलावता जायचं. मार देताना मला विचारलं होतं का?" मग ती माझ्याकडं वळली. "अन् तू बी यायचं. टँव टँव न करता."

साक्ष माघारी घ्यायला येतोय असं सांगितलं की मंडळ्या गोंधळतात. तशी काही रीतच नाही. आष्टीच्या पाळकांनी फोनवर तीनदा विचारून घेतलं की दिलेली साक्ष परत कशी घेतात. शेवटी त्यांनी मंडळीच्या सूचनांनंतर पाच मिनिटं दिली.

मामा उभा राहिला. मामी त्याच्या शेजारी उभी राहिली, म्हणजे लोकांना नीट बघता यावं. मामानं सांगितलं, ह्या जागेवर उभा राहून मी म्हणालो होतो की मी हिला कानाखाली मारली, ती मारली नव्हती. मी काय केलं होतं ते हे. आणि अंगठ्याची गोष्ट सांगितली. ह्या वेळेला ती आणखी लहान झाली होती. चार मिनिटांत संपली. उरलेल्या एका मिनिटात सगळे आमच्याकडं बघत राहिले.

उपासना संपल्यावर सारजाबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. ते पहिलं "अरेरे" त्यांचंच होतं. त्यांनी मामीचा चेहरा दोन्ही हातांनी धरून उजेडाकडं वळवला, आधी एक गाल बघितला, मग दुसरा.

"म्हणजे मारलंच न्हाई?"

"न्हाई, आजी," मामी म्हणाली.

"मी वर्षभर रोज पहाटे उठून तुझ्यासाठी प्रार्थना करतेय. हिच्या अंगावरचे वळ जाऊ दे म्हणून. नाव घेऊन. एक दिवस चुकला न्हाई." सारजाबाई चांगल्याच वैतागल्या होत्या. त्यांनी मामाकडं असं बघितलं की मामानं टोपी काढून हातात घेतली. "आता त्या सगळ्या प्रार्थनेचं काय करायचं?"

मामानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

मामीनं मात्र नीट विचार केला. ती बाई कुठलीच गोष्ट वाया जाऊ देत नाही.

"आजी," ती म्हणाली, "माझे गुडघे लई दुखतेत. तिकडं लावता का?"

सारजाबाईंनी हातातली काठी मामाकडं दिली आणि पदर डोक्यावर घेतला.

"डावा का उजवा?"

"दोन्ही," मामी म्हणाली.